बॉडीला प्लस

वायरमनने ट्रॅक्टरचा सेल्फ दाबला. जुनं इंजिन दोनदा खोकलं आणि चालू झालं. मीटरचा काटा एरवी मायनसच्या बाजूला लोळत पडलेला असायचा. तो थरथरत उठला, मधली रेघ ओलांडून चार्जच्या बाजूला गेला आणि तिथेच थांबला.

"बघा ताई," वायरमन म्हणाला. "इंजिन अजून हळू फिरतंय, तरी बॅटरी चार्ज होतेय. जुन्या डायनामोला हे जमत नव्हतं."

तिने दिव्यांचं बटण ओढलं. शेडच्या भिंतीवर दोन पिवळे गोल उमटले.

तिचे वडील उलट्या ठेवलेल्या क्रेटवर बसले होते. काढून टाकलेला डायनामो त्यांच्या मांडीवर होता आणि ते तो फडक्याने पुसत होते. "केवढासा तो डबा," त्याच्या जागी बसवलेल्या नव्या आल्टरनेटरकडे पाहत ते म्हणाले. "हा काय पोट भरणार बॅटरीचं!"

"काका, दिसायला लहान आहे, पण घरजावई नाही. कमावून आणणारा आहे."

वडील मनापासून हसले. मग म्हणाले, "तू कोणाचा रे?"

वायरमनने आपल्या वडिलांचं नाव आणि दुकान पुन्हा सांगितलं. सकाळीही सांगितलं होतं. इंजिन त्याने बंद केलं.

मागच्या आठवड्यात वडील ट्रॅक्टर घेऊन शेताच्या दूरच्या टोकाला गेले आणि अंधार पडला तरी परतले नाहीत. सापडले तेव्हा बॅटरी उतरलेली होती, दिवे बंद होते आणि ते स्टिअरिंग धरून सीटवर शांत बसले होते. "बाबांचं डोकं ठिकाणावर नाही," भाऊ म्हणाला होता. "डायनामो ठिकाणावर नाही," ती म्हणाली होती. बराच वाद झाला. शेवटी असं ठरलं की, ट्रॅक्टर दुरुस्त होऊन भावासमोर नीट चालला तर वडील चालवत राहतील. नाही तर विकायचा. भाऊ आता एवढ्यात येणारच होता.

"एक गोष्ट मात्र सांभाळा," वायरमन म्हणाला. "ह्या जुन्या गाड्यांत बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला असतो. आल्टरनेटरला ते चालत नाही, म्हणून बॅटरी फिरवून मायनस बॉडीला दिलाय. कोणी पहिल्यासारखं लावलं, तर हा जळालाच म्हणून समजा."

"ऐकलंत ना बाबा?"

"ऐकलं की. बहिरा झालोय का मी?"

ती आणि वायरमन हात धुवायला बाहेर नळावर गेले. ग्रीस निघत नव्हतं. वायरमन बोटांना माती चोळत होता. तेवढ्यात आत चट्‌ आवाज झाला आणि जळक्या रबराचा वास आला.

ते धावत आत गेले. वडील बॅटरीपाशी वाकून उभे होते, हातात पाना. नव्या वायरवरचं प्लास्टिक वितळून ठिबकत होतं आणि आल्टरनेटरमधून धूर येत होता. वायरमनने पक्कड घालून वायर तोडली. तिने वडिलांचे दोन्ही हात उलटेपालटे करून पाहिले.

"मला काय धाड भरलीय?" ते म्हणाले.

बॅटरी फिरवलेली होती. तिची टोकं पुसून लख्ख केली होती, त्यांवर बोटाने ग्रीस लावलं होतं. प्लस बॉडीला. एकेक गोष्ट एखाद्या कसबी माणसाने करावी तशी केलेली.

"हे काय झालं?" भाऊ दारात उभा होता.

वायरमनने तिच्याकडे पाहिलं. "माझं चुकलं, साहेब. प्लस-मायनस माझ्याकडून उलटं लागलं. दुसरा आणून बसवतो."

"बाबांनी हात नव्हता लावला?"

"नाही," ती म्हणाली.

"नाही कसा?" वडील ताठ झाले. "ह्या पोराने उलटं लावलं होतं. मीच सुलटं केलं. पण त्याला बोलू नका रे. नवीन आहे, शिकेल."

वायरमन खाली वाकून तुटलेली वायर गोळा करू लागला. गोळा करण्यासारखं फार काही नव्हतं.

भावाचा आवाज चढला असता तर तिला भांडता आलं असतं. तो ट्रॅक्टरपाशी गेला, स्विचमधली किल्ली काढली आणि खिशात टाकली. ती बघत राहिली.

वडिलांचं तिकडे लक्षच नव्हतं. "बरं झालं आलास," ते मुलाला म्हणाले. "ये इकडे." त्यांनी त्याच्या हातात पाना ठेवला आणि त्याचं मनगट धरून त्याला बॅटरीपाशी आणलं. "हे नीट बघून ठेव. प्लस नेहमी बॉडीला. मला हल्ली काही म्हणजे काही लक्षात राहत नाही. हे एवढं राहिलंय. ते तरी तुला यायला हवं."

बॉडीकडच्या क्लॅम्पचा नट अर्धाच आवळलेला होता. वडिलांनी त्यावर बोट ठेवलं.

भावाने तिच्याकडे पाहिलं. मग बाह्या सारून तो वाकला आणि पाना नटावर बसवला.

"अजून," वडील म्हणाले. "अजून थोडं. जोर लाव की. हं. आता नाही सुटायचं."