पत्रिकेतलं पहिलं नाव

काकासाहेबांनी लग्नपत्रिकेचा नमुना टेबलावर आपटला. नाव परत आलं होतं.

दोन हजार एकची लग्नसराई. पुतण्याच्या लग्नाच्या कामासाठी ते भोकरदनहून एसटी बदलत, उन्हाचे चटके खात अंबडला आले होते. पत्रिका मुलीकडची, म्हणजे रजनीच्या घरची. पण निमंत्रकांत पहिलं नाव तिच्या विधवा आईचं, द्वारकाबाईचं! शुभकार्यात असलं काही काकासाहेबांना खपत नव्हतं. कुंकवाच्या दिवशी त्या बाईला आतल्या खोलीतच बसवा, हा निरोपही त्यांचाच होता, आणि तो निमूट पाळला गेला होता. पत्रिकेचं मात्र बिनसलं. रजनीच्या चुलत्याला दोनदा बजावूनही नाव हटेना. कॉम्प्युटर ऐकत नाही म्हणे. मग काकासाहेबांनी स्वतःच कोर्टासमोरचं हे टायपिंग सेंटर गाठलं. यंत्राला सरळ करायला आपल्यासारखाच माणूस लागतो, असं त्यांचं स्वतःबद्दलचं मत होतं.

सेंटरवाली बाई चाळिशीची, कपाळावर ठसठशीत टिकली. तिनं त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि त्यांच्या डोळ्यांदेखत नाव पुसलं. फाईल बंद करून परत उघडली. नाव जागच्या जागी.

"हे काय करून राह्यलं तुमचं मशीन?"

बाईनं शांतपणे समजावलं. गावासाठी, पाहुण्यांसाठी, ऑफिसवाल्यांसाठी पत्रिका वेगवेगळ्या होत्या. निमंत्रकांची नावं तेवढी एका निराळ्या फाईलमध्ये टाइप करून सगळ्यांना लिंक केली होती. पत्रिकेत कितीही पुसा, ती उघडली की मूळ फाईलमधून नाव पुन्हा येणार.

"मंग मुळातूनच काढा."

"त्याला परवानगी न्हाई."

"मंग ती लिंकच तोडून टाका. तुटती का न्हाई?"

"तुटती की. एकदम जल्दी तुटती," बाई म्हणाली. पण माउसवरचा तिचा हात हलला नाही.

काकासाहेबांनी सूर बदलला. "ताई, तुम्ही सवाशीण. तुम्हाला तरी हे कळाया पाहिजे."

बाईनं प्रिंटरमध्ये कोरा कागद सरकवला. तेव्हा मात्र त्यांचं डोकं फिरलं. हे नाव राहिलं तर वऱ्हाड भोकरदनहून निघणार नाही, सोयरीक मोडली समजा, असा निरोप मुलीकडच्यांना पोचवा, असं त्यांनी सुनावलं. मनातून ते निर्धास्त होते. एवढा दम दिला की मुलीकडची माणसं नमतातच, हा त्यांचा आजवरचा अनुभव होता.

बाईनं प्रिंट दिली. घरघर करत पत्रिका बाहेर आली, पहिलं नाव तसंच. ती तिनं त्यांच्या हातात ठेवली.

"निरोप पोचला, पाव्हणं. नाव काढू का, म्हणून रजनीला मी कालच विचारलं. ती म्हणली, आई, तुझं नाव काढायचं असंल, तर माझंबी काढ."