कडक स्प्रिंग

मास्तरांनी चाकू उचलला आणि आधी नाक मुरडलं. वस्तू जितकी आवडली तितकं नाक जास्त मुरडायचं, ही त्यांची जुनी रीत. आज नाकाची अगदी शर्थ चालली होती.

"मूठ लाकडाची दिसतेय," ते म्हणाले.

"शिंगाची आहे, मास्तर. तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही," पथारीवाली म्हणाली. तिच्यासमोर जुनी कुलपं, कात्र्या, नळाच्या तोट्या मांडलेल्या होत्या आणि त्यांच्यातच हा घडीचा चाकू पडला होता. दोन पात्यांचा, पितळी कडांचा, हल्ली कुणी बनवत नाही असा. "आठशे. एक रुपया कमी होणार नाही."

"आठशे! चाकू विकताय की गळा कापताय?"

मागे पिशवी धरून उभ्या असलेल्या मास्तरीणबाई हसल्या. हल्ली त्याही नवऱ्याबरोबर या जुन्या बाजारात यायच्या. भाजी घ्यायला येते म्हणायच्या. भाजीबाजार दुसऱ्या टोकाला होता, पण मास्तरांनी कधी हटकलं नाही.

मास्तर चित्रकलेचे. मुलांच्या पेन्सिलींना टोकं काढता काढता हा नाद लागला आणि घरातल्या कपाटाचे दोन खण चाकूंनी भरले. हिवाळ्यात उजवा अंगठा सुजून ताठला, तेव्हा त्यांनी बायकोला ठणकावून सांगितलं होतं, "ज्या दिवशी माझ्या अंगठ्याने चाकू उघडणार नाही, त्या दिवशी सगळे विकून टाकायचे. नुसते बघत बसायला मी काय संग्रहालयाचा पहारेकरी आहे?" पण घरातले सगळे चाकू अजून उघडत होते. उलट पूर्वीपेक्षा अलगद उघडत होते. त्यामुळे मास्तर सध्या फार ऐटीत होते.

त्याच ऐटीत त्यांनी मोठ्या पात्याच्या खाचेत नख अडकवलं आणि ओढलं. नख निसटलं. पुन्हा अडकवलं. पुन्हा निसटलं. "ऊन डोळ्यावर येतंय," असं पुटपुटत त्यांनी पाठ फिरवली आणि डाव्या अंगठ्याने करून पाहिलं. पातं तसूभरही हललं नाही. त्यांच्या कानशिलांवर घाम आला.

पथारीवालीने आधी तो सुजलेला अंगठा पाहिला. मग मास्तरीणबाईंचं तोंड पाहिलं. त्या चाकूकडे बघतच नव्हत्या, नवऱ्याकडे बघत होत्या.

"राहू द्या, मास्तर," ती म्हणाली. "स्प्रिंग कडक झालीय त्याची. सकाळी माझ्यानेही उघडला नाही. आत गंज धरला असेल. चारशे द्या आणि घेऊन जा."

स्वतःच्या मालाला नावं ठेवताना या बाईला आजवर कुणी ऐकलं नव्हतं. किल्ली हरवलेलं कुलूपसुद्धा ती 'चोराला उघडणार नाही' म्हणून विकायची. पण मास्तरांना ते सुचायची शुद्ध कुठली? त्यांचा जीव भांड्यात पडला होता.

"तरीच! स्प्रिंग बिघडलीय!" ते बायकोकडे वळून जवळजवळ ओरडलेच. मग लगेच घासाघीस अंगात आली. "पण मग बिघडलेल्या मालाला चारशे कसले? साडेतीनशे."

"बरं, साडेतीनशे."

एवढा स्वस्तातला सौदा मास्तरांना जन्मात साधला नव्हता. ते खुशीत पाकीट शोधायला लागले आणि चाकू त्यांनी पिशवीत ठेवायला बायकोच्या हातात दिला.

मास्तरीणबाईंना वेगळीच काळजी लागली. एवढी कडक स्प्रिंग वळणावर आणायची म्हणजे किती दुपारी मोडणार? त्यांनी नकळत खाचेत नख घातलं. टक. मोठं पातं उभं राहिलं. पाठोपाठ धाकटं. टक. कडेने बोटं सांभाळून, तळव्याने दाबून त्यांनी दोन्ही पाती मिटवली आणि मग त्यांच्या लक्षात आलं की दोघंही आपल्याकडे बघताहेत.

लग्न झाल्यापासून ही बाई 'मला त्या चाकूंची भीती वाटते' म्हणत आली होती.

"कधीपासून?" मास्तरांनी विचारलं.

"हिवाळ्यापासून." त्यांनी मान खाली घातली. "तुम्ही दुपारी झोपलात की चाकूंना शिलाई मशीनचं तेल घालते. मग थोडी उघडझाप करते, तुम्हाला जोर लागू नये म्हणून. सगळ्यांचीच करते."

मास्तरांनी स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिलं. त्यांना लाज वाटली. पथारीवाली उगाचच कुलपं इकडची तिकडे करत बसली.

"मास्तर, सकाळी खरंच स्प्रिंग..."

"बाई," मास्तर म्हणाले, "चांगल्या मालाची बदनामी करू नका. ते काम माझं आहे." त्यांनी आठशे रुपये मोजून तिच्यासमोर ठेवले.

चाकू पिशवीत गेला. मग मास्तरीणबाईंनीच हळूच विचारलं, "अहो, मग आता ते... विकायचे का सगळे?"

मास्तरांनी त्यांचा हात हातात घेतला. अंगठा उलटा करून पाहिला. नखाच्या कडेला तेलाची काळी रेघ बसली होती. ते बराच वेळ ती बघत राहिले.

"बाई," ते पथारीवालीला म्हणाले, "आणखी एखादा असेल तर दाखवा. लहान मुठीचा. हिच्या हातात बसेल असा."