झऱ्याचा विषय

"आधी चहा की आधी बैठक?" लायनेलने विचारलं.

"आधी मला बोलायचंय," मेझी म्हणाली. "झऱ्याबद्दल."

"पाळी आली की बोल, मावशी. आता सगळं ओळीने होतं."

हे 'ओळीने' अनुदानातून आलं होतं. कोर्टाने इथल्या मूळ रहिवाशांचा जमिनीवरचा हक्क मान्य केला, तो सांभाळायला गावाचं मंडळ झालं आणि मंडळाला मंडळासारखं वागता यावं म्हणून सरकारने क्षमता वाढवायचं अनुदान दिलं. त्यातून एक टोयोटा आली, लायनेलला पगार सुरू झाला आणि दक्षिणेकडून ब्रॉन्विन नावाची प्रशिक्षक आली. बाई भली होती. पहिल्याच दिवशी तिने सगळ्यांची नावं पाठ केली, कुत्र्यांचीसुद्धा. आजची बैठक नव्या नियमांनी पार पडली तरच पुढचं अनुदान मिळणार होतं.

मेझीला लायनेलने काल संध्याकाळी दूरच्या एलिस स्प्रिंग्स शहरातून आणलं होतं. मूत्रपिंडं गेल्यापासून ती तिथेच असते. दिवसाआड यंत्राला हात द्यायचा, रक्त धुऊन घ्यायचं आणि वसतिगृहात भिंतीकडे बघत बसायचं. सुरुवातीला ती रडायची. आता रडत नाही. आता तिला काही वाटतच नाही. उद्या सकाळी पुन्हा यंत्रावर हजर व्हायचं, म्हणजे आज दुपारी निघायलाच हवं होतं.

सभागृहात म्हातारा रेक्स अध्यक्षाच्या खुर्चीवर बसला होता. तिला बघून त्याने टोपी वर केली.

"शहरात राहून गोरी झालीस की काय गं?"

"तुझी टोपी अजून तीच. डोकं तरी बदललंस का?"

सगळे हसले. मेझी नुसती ओठांनी हसली आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसली.

टोयोटा कुणी चालवायची, हा विषय झाला. कुंपणाचा झाला. मग ब्रॉन्विनने खाणकंपनीचा प्रस्ताव वाचला; लायनेलने तो काल वाटेतच मेझीला सांगितला होता. खाणीकडे जाणारा रस्ता मेझीच्या झऱ्याला खेटून न्यायचा होता. त्या बदल्यात गावापर्यंत डांबरी सडक, शाळेला नवं छत, दवाखान्यात रक्त धुवायची दोन यंत्रं आणि एक नर्स, फुटबॉलच्या मैदानाला दिवे. उत्तर आजच हवं होतं.

"दिवे बरे," रेक्स म्हणाला. "आपण हरतो ते रात्रीसुद्धा दिसेल."

या वेळी कुणी हसलं नाही. गेल्या साली, मेझी आजारी पडायच्या आधी, कंपनीचा माणूस जागा बघायला आला, तेव्हा मेझी त्याच्या गाडीपुढे मातीत फतकल मारून बसली होती. तो मागे फिरेपर्यंत उठली नव्हती. झरा तिच्या बापाचा आणि त्याच्या बापाचा. त्या घरातलं आता तीच उरलीय. पाहुण्याला पाणी प्यायचं असेल, तर मेझी आधी झऱ्यात खडा टाकून कोण आलंय ते झऱ्याला सांगते, मग तो ओंजळ भरतो. ज्याची जागा त्याने बोलावं, बाकीच्यांनी ऐकावं, अशी तिथली रीत.

मेझी उभी राहिली.

"एक मिनिट, आंटी," ब्रॉन्विन हळू आवाजात म्हणाली. "आपण काल काय शिकलो? एखाद्या विषयात ज्याचा स्वतःचा संबंध असेल, त्याने निर्णयाच्या वेळी काय करायचं?"

"बाहेर थांबायचं," दोघातिघांनी शाळेतल्यासारखं म्हटलं.

"झरा माझा आहे," मेझी म्हणाली.

"म्हणूनच, आंटी."

"मग झऱ्याचं बोलणार कोण?"

ब्रॉन्विनने लायनेलकडे पाहिलं. तो उठून मावशीपाशी आला.

"मावशी, जा ना. अनुदानाचा प्रश्न आहे. आणि आम्ही काय परके आहोत? तुझ्या मनातलं सगळ्यांना ठाऊक आहे."

मेझीने एकदा रेक्सकडे पाहिलं. तो टोपीची कड चाचपत होता. नव्या नियमापुढे त्याचंही काही चालत नव्हतं. ती भांडेल असं सगळ्यांना वाटलं होतं, पण ती सरळ बाहेर गेली.

बाहेर निखाऱ्यात कांगारूची शेपटी भाजत होती. ती भाजणाऱ्या कोलीनने मेझीला चहा आणून दिला. मेझीला पाणी मोजूनच प्यावं लागतं, तिने दोन घोट घेऊन कप खाली ठेवला. टेकडीमागे झरा होता. तिकडे तोंड करून ती बसून राहिली. राग येईल म्हणून तिने जरा वाट पाहिली. तोही आला नाही.

दार उघडलं. रेक्स सगळ्यांच्या पुढे होता.

"नाही म्हणून सांगितलं," तो म्हणाला. "एकाचाही हात वर गेला नाही. दुसऱ्याच्या पाण्याला हो म्हणायला आम्ही कोण? तू नसताना ते तोंड कुणाला आहे?"

मागून ब्रॉन्विन आली. तिचे डोळे भरून आले होते. "किती शिस्तीत झालं! आणि तुमचा झरा वाचला, आंटी."

"कंपनीला फोनही केला," लायनेल म्हणाला. "ते आता उत्तरेकडून, दुसऱ्या गावावरून रस्ता नेणार. इथलं सगळं रद्द. पुन्हा विचारायला येणार नाहीत."

बायकांनी मेझीला मिठ्या मारल्या. कुणीतरी शेपटीचा तुकडा तिच्या हातात दिला. ती सगळ्यांना हो हो म्हणत राहिली.

दुपारी टोयोटा निघाली. मेझीचं बंद घर मागे गेलं, मग दवाखाना, मग मैदान. लायनेल खुशीत होता. पुढच्या अनुदानातून काय काय करायचं, ते सांगत होता. बराच वेळ बोलल्यावर त्याच्या लक्षात आलं, मावशी अजून मागे वळूनच बघतेय.

"तुला बाहेर काढलं म्हणून रागावलीस? अगं, तू आत असतीस तरी हेच झालं असतं. फक्त आरडाओरडा जरा जास्त."

"लायनेल."

"काय गं?"

"मी हो म्हणायला आले होते."