नाताळची गोधडी

मार्थाबाईंनी नवी गोधडी परिचारिकेला दाखवली. काही वर्षांपूर्वी पती शांतवनराव मरणाच्या दारातून परतले, तेव्हापासून दर नाताळात प्रभूचे आभार म्हणून मिशनच्या दवाखान्याला एक गोधडी शिवून देण्याचा मार्थाबाईंचा नेम होता. गेल्या महिन्यात मात्र ते याच दवाखान्यात वारले.

“मावशी, यंदा कसले हो आभार?”

“तेव्हा दिलेली वर्षं प्रभूनं परत मागितली का, बाळ? मग मी आभार कसे परत घेऊ?”

गोधडी शांतवनरावांच्या सदऱ्यांची होती. एका सदऱ्याचा खिसा उसवायला मार्थाबाईंचा हात धजला नव्हता.

खाटेवर कुडकुडणाऱ्या अनोळखी म्हाताऱ्याच्या अंगावर त्यांनी ती घातली. त्याची गारठलेली बोटे चाचपडत त्या खिशात शिरली आणि तिथेच विसावली.

दफनाच्या दिवशी न आलेले रडू मार्थाबाईंना तेव्हा आले.