वगदीचे फोटो

गुरुवारी दुपारी चार वाजता शुक्रीने बायकोचा, नेविनचा, लॅपटॉप अलेक्झांड्रियातल्या गिरगिसच्या दुरुस्तीच्या दुकानात आणून आपटला. तिचा पहिला साखरपुडा वगदीशी झाला होता. तो मोडला तेव्हा त्याने घातलेलं सोनं रीतीप्रमाणे परत गेलं, फोटो मात्र लॅपटॉपमध्ये राहिले. डिस्क बिघडलीय, ते काही केल्या पुसले जात नाहीत, असं ती तीन वर्षं सांगत होती. लॅपटॉप दुकानात नेतो, असं काल दुपारी शुक्रीने बजावलं, तेव्हा ती नुसतं "न्या की" म्हणाली.

"मशीनसुद्धा त्याच्याच बाजूचं, इंजिनिअरसाहेब! आमच्या लग्नाचे फोटो उडाले, हा मेला चिकटून बसलाय."

गिरगिसने चहा मागवला, डिस्क दुरुस्त केली आणि फोटो पुसले.

"घ्या शुक्रीसाहेब, गेली तुमची सवत! वहिनी खरंच बोलत होत्या, ते पुसले जात नव्हतेच."

शुक्री आज पहिल्यांदा हसला. "आता परत यायचा नाही ना?"

 

"इथून तरी नाही. काल संध्याकाळी सहाला सगळ्या फोटोंची नक्कल पेनड्राइव्हवर घेतलेली दिसतेय. तुम्हीच घेतलीत ना?"