सामायिक आठवण

“सुमती कुठंय रे?” नानांनी पुन्हा विचारलं. आई गेल्याचं रोज नव्यानं सांगायचं आणि रोज त्यांचं नव्यानं रडणं बघायचं, याला हेरंब पुरता कंटाळला होता.

नानांच्या डोक्यातली आठवणींची चिप जुन्या कंपनीची, याची नव्या कंपनीची. दोघींचं आपसांत जमत नसे. शेवटी त्यानं संगणकाच्या काळ्या पडद्यावर हातानं कमांड लिहून नानांच्या आठवणी स्वतःच्या चिपला जोडून घेतल्या, ‘सुमती’ नावाचं फोल्डर शोधलं आणि पुसायला दिलं. ‘हे फोल्डर बापलेकांत सामायिक आहे, दोघांकडूनही जाईल’ अशी सूचना आली. एवढं वाचतंय कोण! शहाण्यानं ‘हो’ दाबलं.

नानांचं विचारणं थांबलं. चहा मागून प्यायले.

हेरंबच्या बायकोनं भिंतीवरच्या फोटोला ताजा हार घातला. हेरंब बघत राहिला.

“कोण गं ह्या बाई?”