चिपळ्यांची काच

सिंगापूरमधल्या हौगांगच्या छोट्या म्युझियमला क्षिप्राने सासऱ्यांच्या, नानांच्या, चिपळ्या दिल्या, तेव्हा ‘हे कीर्तनकार आता हयात नाहीत’ असं तिने खुशाल ठोकून दिलं. गेलेल्या माणसाच्या वस्तूला मान जास्त, आणि नाना पुण्याहून सिंगापूरला कशाला येतायत?

नाना आले की हो. रविवारी म्युझियममधल्या टाळांच्या क्लासला हट्टाने आले आणि थेट आपल्या चिपळ्यांच्या काचेपुढे उभे राहिले.

“इंग्रजीत काय लिहिलंय गं?”

“तुमचं नाव, नाना.” नावाआधीचा ‘कैलासवासी’ अशा अर्थाचा शब्द तिने गिळला. शरमेने मान वर होईना.

“पांडुरंगाची कृपा. पोरी, माझं नाव राखलंस.” त्यांनी मायेने तिच्या डोक्यावर हात ठेवला.

हाताची ऊब तिला लागत होती. काचेतल्या प्रतिबिंबात मात्र तिचे केस नुसतेच दबले होते. वर हात नव्हता, शेजारी नाना नव्हते. मागे टाळ वाजवणारी मुलं तेवढी स्वच्छ दिसत होती.

“चला ना नाना, क्लास सुरू झालाय.”

“थांब की.” नाना काचेशी वाकले. “क्षिप्रा, जरा चष्मा पुसून दे गं. यात तू दिसतेस. मी कुठे आहे?”